पावणेतीन तोळ्यांचा बाण

मिशिगनमध्ये पारंपरिक धनुष्याने शिकार करणाऱ्या कुणालाही विचारा, की बाबा रे, बंदुका असताना हा नाद कशाला? उत्तर ठरलेलं असतं : साधेपणासाठी. एक काठी, एक दोरी, एक बाण, विषय संपला. हे तो आपल्या गॅरेजमधल्या टेबलाशी बसून सांगत असतो. टेबलावर ग्रेनचा दशांश दाखवणारा तराजू, बाणाची काडी म्हणजे शाफ्ट किती वाकतो ते मोजायचं यंत्र, टोकाला लावायच्या पॉइंटांचे वजनवार डबे, गरम करून लावायच्या गोंदाच्या कांड्या, टर्कीची पिसं आणि मुलाच्या जुन्या वहीत आखलेले तक्ते असतात. विषय संपल्याची एकही खूण दिसत नाही.

आमचे शेजारी या पंथातले. मोटारीच्या कारखान्यात जन्मभर डाय बनवून निवृत्त झालेले गृहस्थ. आमच्या मुलांनी त्यांना बाणकाका म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. तरुणपणी त्यांच्याकडे कंपाउंड धनुष्य होतं. दोन्ही टोकांना चाकं असलेलं हे धनुष्य मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलनने काढलं. १९६६ साली पेटंटचा अर्ज केला, १९६९ साली पेटंट हातात पडलं, आणि अमेरिकेतले बहुतेक धनुर्धारी हळूहळू त्या चाकांमागे गेले. दोरी पूर्ण ओढली की चाकं बराचसा भार स्वतःवर घेतात. नेम धरायला खुणा, दोरी सोडायला मनगटाला बांधलेला चाप. बाणकाकांना एके दिवशी वाटलं, हे फार किचकट झालं. त्यांनी ते विकलं आणि साधंसुधं, बिनचाकांचं रिकर्व्ह धनुष्य घेतलं. तेव्हापासून त्यांना दुसऱ्या कशालाही वेळ मिळालेला नाही.

माझा नवरा हा त्यांचा शिष्य. मूळचा साताऱ्याचा, पेशाने इंजिनियर, आणि झुरळ दिसलं तरी मला हाक मारणारा. शिकार त्याला करायची नाही. परवाना त्याने कधी काढला नाही, काढणारही नाही. हरणाशी त्याचा संबंध एवढाच, की ते पहाटे येऊन आमच्या बागेतली होस्टाची पानं खातं आणि हा खिडकीतून ‘हुश्श’ करतो. त्याला फक्त योग्य बाण निवडायचा आहे. २०२३ साली साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या १७ व्या वर्षी बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं, आणि साताऱ्यातच तयार झालेला ओजस देवतळे त्याच स्पर्धेत पुरुषांत पहिला आला, तेव्हापासून तर ‘आमच्या साताऱ्याच्या पाण्यातच आहे ते’ हे वाक्य मी भांडी लावताना, गाडी चालवताना आणि झोपेतून उठवून ऐकलेलं आहे. ते दोघेही कंपाउंडवाले आहेत, म्हणजे बाणकाकांनी टाकून दिलेल्या चाकांचे. हे त्याने गुरूंच्या कानावर अजून घातलेलं नाही.

बाण सरळ जातो असं आपण धरून चालतो. तो सरळ जात नाही. साध्या धनुष्यात बाण मध्यावर नसतो, कडेला टेकलेला असतो, आणि दोरी मात्र मध्याकडे झेपावते. म्हणजे सुटल्याबरोबर बाणाला आधी धनुष्याचा दांडा चुकवून पलीकडे जायचं असतं. तो आधी एका बाजूला वाकतो, मग दुसऱ्या, आणि असा वळवळत वळवळत शेवटी सरळ होतो. रॉबर्ट एल्मर नावाच्या डॉक्टरांनी याला ‘धनुर्धाऱ्याचा विरोधाभास’ म्हटलं, आणि बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपून दाखवलं. लग्नाच्या पंगतीतून आमटीचं भांडं घेऊन जाणारा वाढपी आठवा. खांब आला की तो कमरेत वळतो, खांबाला अंग न लावता पलीकडे निघतो आणि पुन्हा सरळ होतो. ताठ वाढपी खांबावर आदळतो. फारच लवचीक असला तर आमटी पाहुण्यांच्या धोतरावर. बाणाच्या या कमरेला स्पाइन म्हणतात. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो, मऊ बाण उजवीकडे. डावखुऱ्याचं सगळं उलटं. आणि या एका कमरेपायी सज्जन माणसांची गॅरेजं भरून गेलेली आहेत.

ती मोजायची कशी, याबद्दल मानवजातीचं एकमत झालेलं नाही. लाकडी शाफ्ट असेल तर २६ इंचांवरच्या दोन आधारांवर तो आडवा ठेवायचा, मधोमध २ पौंड वजन टांगायचं, किती इंच वाकला ते बघायचं आणि २६ ला त्या आकड्याने भागायचं. ०.५२ इंच वाकला तर स्पाइन ५० पौंड. आकडा मोठा तितका बाण ताठ. इथपर्यंत ठीक. कार्बनचा शाफ्ट मात्र २८ इंचांवर ठेवायचा, ८८० ग्रॅम टांगायचे, आणि जितका वाकेल तितका आकडा इंचाच्या हजारांशात त्याच्या अंगावरच छापायचा. अर्धा इंच वाकला तर ५००. म्हणजे इथे आकडा मोठा तितका बाण मऊ! लाकडाकडून कार्बनकडे आलेला माणूस पहिल्या दिवशी नेमका उलटा माल घेऊन घरी येतो, आणि दुकानदार तो शांतपणे बदलून देतो, कारण त्याच्या दुकानाचं निम्मं येणं-जाणं त्यावरच चालतं. ॲल्युमिनियमचं तिसरंच. डग ईस्टन १९२२ पासून लाकडी बाण बनवत होता. दोन काड्या काही केल्या एकसारख्या वागत नाहीत म्हणून वैतागून १९३९ साली तो ॲल्युमिनियमच्या नळीकडे वळला. त्या नळीवर ‘२०१६’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते साल नव्हे. नळीचा व्यास इंचाचे २० चौसष्टांश, भिंतीची जाडी १६ हजारांश. ताठपणाबद्दल अवाक्षर नाही, तो वेगळ्या तक्त्यात शोधायचा.

सासूबाई उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. एका संध्याकाळी नवरा फोनवर बाणकाकांशी बोलत होता, आणि आईला कळावं म्हणून अधूनमधून मराठीत सांगतही होता : पाचशे मऊ पडतो, चारशे कडक आहे, पण पुढे वजन टाकलं की चारशेही मऊ होईल. सासूबाई उठून स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, “पापडाच्या पिठाचं चाललंय का गं?”

वजनाचं तर आणखी खोलात आहे. बाणाचं सगळं वजन ग्रेनमध्ये. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. साडेपंधरा ग्रेनच्या आसपास एक ग्रॅम. लाकडी बाणांचा जुना रिवाज १२५ ग्रेनच्या पॉइंटचा, म्हणजे जेमतेम आठ ग्रॅम. तिथून पुढे १४५, १६०, १७५, २००, २५०, ३०० अशी रांग लागते. ब्रिटिशांनी १८३३ साली आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवला, हे नवऱ्याला कुठून तरी समजलं आणि त्याचा आनंद गगनात मावेना. त्याचा लाडका बाण ४९५ ग्रेनचा. पावणेतीन तोळे! आता तो बाणाबद्दल सराफासारखं बोलू लागला. ‘काल एक साडेतीन तोळ्यांचा पाहिला’ असं तो इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात म्हणाला, तेव्हा चार बायकांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

मग व्हायचं ते झालं. हाताशी इतका बारीक तराजू असताना गप्प बसवेना, म्हणून त्याने आईची पाटली मागून घेतली. दोन तोळ्यांची पाटली, लग्नात गावच्या सराफाकडून घडवलेली, घराण्यातली सर्वांत खात्रीची गोष्ट. तराजूवर ती ३०९ ग्रेन भरली. दोन तोळे म्हणजे ३६० पाहिजेत. एक्कावन्न ग्रेन गायब! सासूबाई आधी त्या तराजूवर संतापल्या, मग अमेरिकेवर, मग सराफावर, आणि मग सराफाकडे नेणाऱ्या कै. मामंजींवर. दोन दिवस घरात कुणी मोकळेपणाने जेवलं नाही. शेवटी साताऱ्याला नणंदेला फोन केल्यावर उलगडा झाला, की सराफ कधीपासून तोळा दहा ग्रॅमचाच धरतात, आणि त्या हिशेबाने पाटली अगदी चोख आहे. मामंजींची सुटका झाली. तराजू बाणकाकांच्या गॅरेजमध्ये परत गेला, आणि सोन्याच्या वस्तूंना त्या गॅरेजची हद्द बंद झाली.

पॉइंटचं वजन नुसतं वजन असतं तर कुणी चार तासांत बाण निवडून मोकळा झाला असता. पण मागून दोरी ढकलत असते, पुढे जड पॉइंट जागचा हलायला तयार नसतो, आणि या भानगडीत मधला शाफ्ट वाकतो. म्हणून पॉइंट जड केला की शाफ्ट मऊ वागायला लागतो. शाफ्ट कापून आखूड केला की ताठ वागतो. दोरी जुन्या डॅक्रॉनची काढून नव्या न ताणणाऱ्या धाग्याची लावली की त्याच बाणाला जास्त ताठपणा लागतो. इतकंच काय, धनुष्याला बाण जिथे घासून जातो तिथल्या चामड्याच्या पट्टीखाली काडेपेटीतली एक काडी सरकवली तरी सगळा हिशेब बदलतो. बाणकाकांकडे अशा काड्यांची एक वेगळी डबी आहे. गुल कापलेल्या काड्या, जाडीनुसार लावलेल्या.

आता त्या गॅरेजमधली एक संध्याकाळ ऐका. पॉइंट १२५ वरून २०० केला. शाफ्ट मऊ पडला. ५०० काढून ४०० घेतला. तो फारच ताठ निघाला, म्हणून पॉइंट २५०. आता कंबर जमली, पण बाण इतका जड झाला की पंचवीस पावलांवर वाकून नमस्कार घालायला लागला. वजन कमी करायचं म्हणून पॉइंट पुन्हा २००. मग बाण पुन्हा ताठ. मऊ करायला लांब शाफ्ट हवा, आणि हा तर मघाशीच अर्धा इंच कापलेला. कापलेला शाफ्ट लांब होत नाही. या छंदात कायमची अशी तेवढी एकच गोष्ट आहे, आणि ती दर वेळी करवतीचा आवाज थांबल्यानंतर आठवते. मग दोघेही त्या अर्ध्या इंचाच्या तुकड्याकडे बघत कॉफी पितात, आणि नवा डझन मागवतात.

जड की हलका, या प्रश्नावर तर उभी फूट आहे. जडवाल्यांचे महर्षी डॉ. एड ॲशबी. त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांतात आणि पुढे ऑस्ट्रेलियात म्हशींवर वर्षानुवर्षं बाण तपासले आणि सांगितलं, की मोठं हाड फोडून आत जायचं तर बाण ६५० ग्रेनच्या वर पाहिजे. साडेतीन तोळ्यांहून जास्त! बाणकाकांच्या जंगलात सगळ्यांत मोठं जनावर म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. रानम्हैस मिशिगनमध्ये आजवर कुणी पाहिलेली नाही. पण त्यांच्याकडे म्हशीचा बाण आहे. “असलेला बरा,” म्हणतात.

हलकेवाल्यांचं म्हणणं, बाण वेगात गेला पाहिजे, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा हुकला तरी चालतं. त्यावर जडवाल्यांचं उत्तर तयार असतं. साध्या धनुष्यातून बाण सेकंदाला १८० फुटांच्या आगेमागे जातो, आवाज जातो ११०० फुटांनी. वीस यार्डांवरच्या हरणाला दोरीचा ‘टण्ण’ आधी ऐकू येतो आणि बाण पोचायला अजून पाव सेकंद असतो. तेवढ्यात ते पळण्यासाठी अंग खाली दाबतं, आणि बाण पाठीवरून निघून जातो. बाण किती पळवला तरी आवाजाला गाठणार नाही. त्यापेक्षा जड बाण वापरा, तो धनुष्याची ताकद जास्त शोषतो आणि धनुष्य शांत राहतं. हा वाद मी दोन्ही बाजूंनी तोंडपाठ म्हणू शकते. वाढदिवसाला, बार्बेक्यूला, एकदा तर शेजारच्या काकूंच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणातही तो झालेला आहे.

वजन किती, याच्याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. बाण बोटावर तोलायचा, तोल जिथे साधला ते अंतर मोजायचं, त्यातून निम्मी लांबी वजा करायची आणि उरलेल्याची पूर्ण लांबीशी टक्केवारी काढायची. २९ इंचांचा बाण मागून १८ इंचांवर तोलला तर १२ टक्के पुढे झुकलेला. ॲशबींचे अनुयायी १९ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय बोलायला तयार नसतात. त्यासाठी पॉइंटच्या मागे शंभर ग्रेनचे पितळी तुकडे बसवतात. नवऱ्याला इथे आपल्या पूर्वजांची आठवण झाली. ती होणारच होती. ‘आपल्याकडे हे सगळं होतं’ हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडून फार काळ अडून राहत नाही.

गंमत म्हणजे या वेळी ते खरंच होतं. महाभारतात बाणांची केवढी नावं येतात : वस्तऱ्यासारखा क्षुरप्र, चंद्रकोरीच्या पात्याचा अर्धचंद्र, आणि सबंध लोखंडाचा नाराच. नाराचाबद्दल ॲशबींनी ऐकलं असतं तर ते उठून उभे राहिले असते. वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेद संहितेत तर शाफ्टांची चक्क प्रतवारी आहे. पुढे जाड तो बाण स्त्री, तो लांब जातो. मागे जाड तो पुरुष, तो भेदतो. सगळीकडे सारखा तो नपुंसक, तो नेमाच्या सरावाला उत्तम. हे ऐकून बाणकाका हरखले. डायवाला माणूस, प्रतवारी म्हटली की त्यांना दुसरं काही सुचत नाही. त्यांनी रातोरात सगळे बाण तीन डब्यांत विभागले आणि नवऱ्याकडून डब्यांवर ठळक देवनागरीत लेबलं लिहून घेतली. गणपतीत आमच्याकडे आलेली मंडळी त्यांचं गॅरेज बघायला गेली, तेव्हा दारातच एका डब्यावर ‘नपुंसक’ आणि डब्याच्या मागे हसतमुख यजमान उभे. मंडळाचे अध्यक्ष बराच वेळ छताकडे बघत होते.

लाकूड कुठलं, हा पुन्हा वेगळा रोग. पारंपरिकातले अतिपारंपरिक कार्बनला हात लावत नाहीत. त्यांना हवा ओरेगॉनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचा पोर्ट ऑरफर्ड सीडर. हलका, सरळ रेषांचा, आणि घासला की आल्यासारखा झणझणीत वास. बाण मोडला तरी ही माणसं मोडलेलं टोक नाकाशी धरून समाधानाने उभी राहतात. सीडर नको तर सिटका स्प्रूस, डग्लस फर, नाहीतर जडवाल्यांसाठी ॲश आणि हिकरी. जानेवारीत कॅलामाझूला पारंपरिक धनुष्यवाल्यांची मोठी जत्रा भरते. बाहेर बर्फ, आत दाढीवाले पुरुष टेबलांना खेटून उभे. प्रत्येक जण काडी उचलतो, एक डोळा मिटून तिच्या अंगावरून नजर फिरवतो, मग अंगठ्याच्या नखावर टेकवून ती गर्रकन फिरवतो. काडी सरळ असेल तर नखावर नुसती गुळगुळीत गुदगुली होते, जराशी वाकडी असेल तर बारीक टकटक. टकटक झाली की काडी खाली, दुसरी वर. खरेदीला इतका वेळ लावतात म्हणून यातलेच पुरुष घरी बायकांना बोलतात.

बारापैकी बारा काड्या एका वजनाच्या आणि एका ताठपणाच्या निघाव्यात असा आग्रह असतो, आणि झाडाला त्याची कल्पना नसते. एका टोकाला पॉइंटसाठी ५ अंशांचा उतार तासायचा, दुसऱ्याला दोरीत अडकणाऱ्या नॉकसाठी ११ अंशांचा. पिसं टर्कीच्या पंखांची, एकतर सगळी डाव्या पंखाची किंवा सगळी उजव्या. एका बाणावर दोन्ही लावलीत तर तुमच्याशी कुणी बोलणार नाही. डावं चांगलं की उजवं, यात मी पडत नाही.

हा चक्रमपणा आजचा आहे असंही नाही. रॉजर ॲस्कमने १५४५ साली इंग्लंडात धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ लिहिलं, त्यात बाणाला चालणारी पंधरा लाकडं मोजली आहेत, आणि लढाईसाठी ॲशची शिफारस. त्याच वर्षी राजा हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे जहाज बुडालं. १९८२ साली ते वर काढलं; त्यावर बाण हजारोंनी सापडले, आणि त्यातले बहुतेक निघाले पॉप्लरचे. पुस्तक एक सांगतं, लोक दुसरंच वापरतात, आणि दोघेही आपलंच बरोबर म्हणत शतकानुशतकं गप्प पडून राहतात.

पण माझा सर्वांत जीव आहे तो ओत्झीवर. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला, ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या भात्यात चौदा बाण होते. त्यातले तयार फक्त दोन. उरलेल्या बारा नुसत्या काड्या, ना पिसं ना टोकं. धनुष्यही अर्धवट तासलेलं. संशोधक याची नाना कारणं देतात. मला कारण ठाऊक आहे. त्या माणसाचं अजून ठरत नव्हतं. घरी त्याची बायको नक्की म्हणाली असणार, की दोन झालेत ना, जा आता. दुर्दैव असं, की त्याच्यामागे लागलेल्या माणसाचं ठरलेलं होतं. ओत्झीच्या खांद्यात दगडी बाणाचं टोक सापडलं. ही गोष्ट मी गॅरेजमध्ये सांगितली तेव्हा बाणकाकांनी विचारलं, “त्या टोकाचं वजन किती भरलं?”

एवढं सगळं झाल्यावर बाण खरा आहे की नाही हे ठरवायला एक सोडमुंजीसारखा विधी असतो. बाणाची पिसं काढायची आणि तो तसाच नागडा सोडायचा. पिसं बाणाचे दोष झाकतात. पिसाविना बाण सगळं सांगून टाकतो. जाऊन डावीकडे रुतला आणि शेपटी उजवीकडे झुकली, तर ताठ. उजवीकडे रुतला आणि शेपटी डावीकडे, तर मऊ. क्लबच्या मैदानावर एकाने असा बाण सोडला की पाच जण गवताच्या गठ्ठ्याभोवती गोळा होतात. एक म्हणतो पंचवीस ग्रेन वाढव, दुसरा म्हणतो कमी कर, तिसरा अर्धा इंच काप, चौथा दोरी बदल. पाचवा काही बोलत नाही. तो सोडणाऱ्याच्या बोटांकडे बघत असतो, कारण बोटं दोरीवरून नीट सुटली नाहीत तरी बाण अगदी तसाच रुतून बसतो. हा पाचवा माणूस कुणालाच आवडत नाही. त्याचं म्हणणं ऐकलं तर विकत घेण्यासारखं काही उरत नाही.

मिशिगनमध्ये धनुष्याने हरणाच्या शिकारीचा पहिला हंगाम १९३७ साली उघडला. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत फ्रेड बेअर होता. डेट्रॉइटच्या पॅकार्ड मोटार कारखान्यात नोकरी केलेल्या या माणसाने १९२७ साली आर्ट यंग या धनुर्धाऱ्याचा अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट पाहिला आणि तो कामातून गेला. त्या गोष्टीला शतक होत आलं, मोटारी बनवणारी माणसं अजून त्याच वाटेने जाताहेत. आता हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. १५ नोव्हेंबरला बंदुकवाले जंगलात उतरतात, त्याआधीचे ते सहा आठवडे धनुष्यवाल्यांचे. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, याचा नवऱ्याला मनातून आधारच वाटतो. आपण परवाना का काढत नाही, याला तो ‘संस्कार’ म्हणतो.

मागच्या ऑक्टोबरात बाणकाका पहाटे झाडावरच्या मचाणावर बसले होते. हरीण बारा यार्डांवर येऊन आडवं उभं राहिलं. त्यांनी बाण सोडला. चारशे स्पाइनचा, दोनशेच्या पात्याचा, पावणेतीन तोळ्यांतला. तो बरगड्यांतून आरपार गेला आणि पलीकडच्या मातीत रुतला. हरीण थोडं पळालं आणि नजरेसमोरच पडलं. इतकी स्वच्छ शिकार त्यांना कैक वर्षांत साधली नव्हती. आम्ही अभिनंदन करायला गेलो, तर गृहस्थ खिन्न. बाण तर आरपार गेला. पण साडेतीन तोळ्यांचा असता तर जास्त चांगला गेला असता का? आता कसं कळणार? हरीण एकच होतं! नवरा त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, बरोबर आहे, एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. मी फ्रीजरमध्ये जागा करून देऊ का, असं मी विचारलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

या वसंतात बाणकाकांच्या बायकोने अल्टिमेटम दिलं : नको असलेले शाफ्ट गॅरेजमधून गेले पाहिजेत. त्याच सुमाराला सासूबाई आल्या होत्या आणि मागच्या अंगणात टोमॅटो, मिरची, वालाचा वेल लावून त्यांना काठ्या शोधत होत्या. कार्बनचे शाफ्ट कुजत नाहीत, गंजत नाहीत. बाणकाका मोळी घेऊन कुंपणाशी आले. सासूबाईंनी हात पुढे केला, पण मोळी काही त्यांच्या हातात पडेना. टोमॅटोचं झाड किती उंच होतं, असं ते विचारत होते. नवरा भाषांतराला उभा राहिला. सासूबाईंनी छातीपर्यंत हात करून दाखवला. आणि फळं खाली लागतात की शेंड्याला? शेंड्यालाही लागतात, सासूबाई म्हणाल्या. बाणकाकांनी मान हलवली, मोळीतले तीन शाफ्ट बाजूला काढून ठेवले आणि खिशातून वही काढली.

“शेंड्याला वजन आलं की पाचशे मऊ पडेल,” ते म्हणाले. “टोमॅटोला चारशे द्या. मिरचीला पाचशे चालेल. वालाचं मात्र शेंगा धरल्याशिवाय सांगता येणार नाही.”

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “एक टोमॅटो साधारण किती ग्रेनचा भरतो, विचार गं त्यांना.”